शहात्तर मिनिटांवरचे अभिप्राय

ऐकणं ही माणसाची सर्वांत थोर साधना आहे. ज्याला ऐकता आलं, त्याला जगणं कळलं.

चंद्रपूरच्या एका मंडळाच्या वर्धापनदिनी अध्यक्षांनी हे वाक्य म्हटलं, तेव्हा मी व्यासपीठाच्या डाव्या अंगाला ॲम्प्लिफायरच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो होतो. सभागृह भरलेलं होतं. अध्यक्षांच्या शेजारचे पाहुणे मोबाइल बघत होते, पहिल्या रांगेत कोणाचा सत्कार राहिला यावर कुजबुज चालली होती आणि मागच्या दाराने चहा आला होता. ते वाक्य ऐकणारा मी एकटाच, आणि मीही अर्थ ऐकत नव्हतो. अध्यक्षांनी 'स' म्हटला की शिट्टी वाजायची, ती ऐकत होतो. बोट एका बटणावर ठेवून दर 'स'ला ते किंचित खाली घेत होतो. 'सर्वांत' आणि 'साधना', दोन्ही ठिकाणी मी त्यांना वाचवलं. कार्यक्रमानंतर त्यांनी माझ्या माइकची तारीफ केली.

साउंडवाल्याचं काम असंच असतं. लोकांचं त्याच्याकडे लक्ष गेलं तर समजावं, काहीतरी बिघडलंय. तीस-बत्तीस वर्षं मी हे काम केलं. लग्नं, उद्घाटनं, प्रचारसभा, उर्स, झाडीपट्टीतली नाटकं. आमच्या घरात त्याआधी घड्याळदुरुस्ती होती. वडिलांना बारीक बघायची सवय, मला बारीक ऐकायची लागली. बाहेरच्यांना वाटतं की साउंडवाला म्हणजे स्पीकरच्या पेट्या वाहणारा. पेट्या वाहाव्या लागतात, माझी कंबर त्याची साक्ष देईल. पण काम कानाचं. आवाजाचे ढोबळ तीन थर असतात. खाली ढोल, मध्ये माणसाचं बोलणं, वर झांज, बांगड्या, 'स' आणि 'श'. प्रत्येक थराचं बटण वेगळं. पेटीचा आवाज माइकमध्ये शिरला की जी कर्कश किंचाळी निघते, ती नेमकी कोणत्या थरातली आहे हे ओळखून तेवढाच आवाज उतरवायचा असतो. नवीन माणूस घाबरून सगळंच बंद करतो. मी ते बोलता बोलता करायचो, वक्त्याला कळायच्या आत. एवढा एक अभिमान मी बाळगून होतो.

आता डीजेबद्दल. आमच्या भागात डीजे हा माणूस नसतो, ट्रक असतो. 'डीजे आला' याचा अर्थ पेट्या रचलेला ट्रक चौकात आला. त्यावर बसून बटणं फिरवणाऱ्याला नाव नसतं. त्यामुळे डीजे नावाचा माणूस असतो, तो स्वतःच्या नावाने अल्बम काढतो आणि जगभरचे लोक त्यावर मतं देतात, हे मला उशिरा समजलं. ऊर्जानगर या वीज केंद्राच्या वसाहतीतल्या क्लबात एका कार्यक्रमाला बाहेरगावाहून असा एक जण आला होता. त्याची सीडी माझ्या प्लेअरमध्ये राहिली. दुकानात आल्यावर लावून बघितली. सात मिनिटं नुसती ठक, ठक, ठक. मला वाटलं सीडी अडकली. पुसायला उठलो तेव्हा लक्षात आलं की त्या ठकठकीखाली केव्हापासून दुसरा एक सूर चालू आहे आणि तो कधी आला हे मला, आवाजाच्या माणसाला, कळलेलं नाही. माझा जरा अपमानच झाला. मी ती सीडी महिनाभर ऐकली.

या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह हाउस म्हणतात. नाचायचं संगीत आहे, पण घाई नाही. शब्द जवळपास नसतात. एकेक आवाज हळूच येऊन बसतो, आणि अर्ध्या तासाने मैफल भरली आहे हे कळतं. मिक्स अल्बम म्हणजे डीजेने इतरांच्या दहा-बारा रचना निवडून त्या अशा जोडायच्या की सांधा दिसू नये. एक रचना संपत असताना दुसरी तिच्या खालून वर येते. दोन्हींचा वेग सारखा करायचा, मग एकीचा ढोल काढून दुसरीचा ठेवायचा, कारण दोन ढोल एका घरात नांदत नाहीत. ऐकायला सोपं, करायला तितकंच किचकट. असा एक आपणही करायचा, हे कितीतरी वर्षं मनात होतं. लग्नांच्या हंगामांनी सवड दिली नाही.

सवड मिळाली ती रातकिड्यांमुळे. मी एका स्थानिक वर्तमानपत्राला पत्र लिहिलं होतं. चंद्रपुरातले रातकिडे नाहीसे झाले आहेत, ते प्रदूषणाचे मूक बळी आहेत, असं. ते छापून आलं. माझी बायको नसीम हिने चष्मा लावून ते वाचलं आणि संध्याकाळी मला घराच्या मागच्या दारात नेऊन उभं केलं. आमच्या घरात हिंदी चालते.

"कुछ सुनाई देता?"

मी म्हणालो, "सब शांत है."

"इतना किरकिर कर रहे के मेरेको फोन पे बात नहीं करते आती," ती म्हणाली. "कल डॉक्टर के पास चलो."

डॉक्टरांनी एका बंद खोलीत बसवून कानात निरनिराळे आवाज सोडले आणि कागदावर एक रेघ काढून दिली. रेघ अर्ध्यापर्यंत सपाट होती, मग कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली. "वरचे आवाज गेलेत," ते म्हणाले. "बोलण्याचालण्यापुरतं ठीक आहे. काम काय करता?" मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

याचा अर्थ काय ते मला घरी येईपर्यंत कळलं होतं. ज्याला वरचा थर ऐकू येत नाही, तो ते बटण वाढवत राहतो. गेले दोन हंगाम मी लोकांचे कान सोलत होतो. एका लग्नात नवरीची आजी कानात कापसाचे बोळे घालून बसलेली मला आठवली. थंडी वाजत असेल असं मला तेव्हा वाटलं होतं. मे महिना होता. कोणी काही बोललं नाही, कारण साउंडवाल्याला कळत असणार, असं लोक धरून चालतात. त्या आजी आठवल्या की मला अजून लाज वाटते.

लग्नाच्या सुपाऱ्या घेणं मी त्याच आठवड्यात बंद केलं. पण आवाजाचं काम पुरतं सोडायला मन तयार होईना. ठरवलं, तो मिक्स करायचाच. घरात बसून, सावकाश. मग लोकांना ऐकवायचा आणि विचारायचं, कुठे टोचतंय? दुसऱ्याच्या सांगण्यावरून मला ते दुरुस्त करता आलं, तर मी अजून कामाचा आहे. नाही करता आलं, तर पेट्या विकायच्या आणि वडिलांची हत्यारं काढून घड्याळं उघडायची. नसीमला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली की घड्याळं आता कोणी वापरत नाही. म्हणजे दुसरा रस्ताही फारसा रुंद नव्हता.

हिवाळाभर बसलो. फारशी ओळख नसलेल्या, पण आपली रचना वापरू देणाऱ्या लोकांच्या बारा रचना घेतल्या. शहात्तर मिनिटं झाली. आता अभिप्राय.

मत मागणं सोपं असतं. दहा जणांना दिला, दहाही जणांनी "मस्त" म्हटलं. मस्त हा अभिप्राय नसतो, तो निरोप असतो. वर उल्लेख केलेल्या अध्यक्षांनी चार मिनिटं ऐकलं आणि मग ते वीस मिनिटं नादाच्या स्वरूपावर बोलले. त्यांचा 'स' अजून शिट्टी मारतो का, ते मला सांगता येणार नाही. माझ्यापुरता त्यांचा तो दोष दूर झाला आहे. नसीमने दहा मिनिटं ऐकलं आणि "ये शुरू कब होगा?" असं विचारलं. टोचतं का, असं विचारल्यावर "पूरा ही टोचता" म्हणाली. मत प्रामाणिक होतं, पण दुरुस्तीला उपयोगाचं नव्हतं. कोणी म्हणेल, कॉम्प्युटरवर बघायचं. कॉम्प्युटर आवाज किती आहे ते दाखवतो. किती टोचतो हे दाखवणारं यंत्र माणसाच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी लावलेलं असतं.

पहिला खरा श्रोता म्हणजे उराडे. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात टर्बाइनवर नोकरी करून निवृत्त झालेले, वसाहतीबाहेर घर बांधून राहणारे, माझे जुने स्नेही. दिवाणखान्यात माझ्या दोन पेट्या लावून ते डोळे मिटून बसले, ते शहात्तर मिनिटं हललेसुद्धा नाहीत. त्यांच्या पत्नी मात्र सुरुवातीलाच उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या.

"शकीलभाऊ," संपल्यावर उराडे म्हणाले, "युनिट थंड असलं ना, तं एकदम वाफ सोडता येत नाई. रोटर वाकते. आंधी हळूहळू गरम करा लागते, मंग फिरवा लागते, मंग लोड घ्या लागते. तुमच्या गाण्यात तसंच हाय. कुठीच घाई नाई केली तुमी."

या संगीताबद्दल याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही. मी पुढे सरकलो. "आणि वरचा आवाज? टोचत नाही ना कुठे?"

"छे. एकदम गोड हाय. लोण्यावाणी."

मला इतका आनंद झाला की मी दुसरा चहा मागितला. उराडेबाई चहा घेऊन आत आल्या. त्यांनी आधी पेट्यांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"भाऊ, तुमी याहीले काऊन विचारून राह्यले?" त्या म्हणाल्या. "याहीले दारावरची घंटी आयकू येत नाई. मी घरी नसली का पाहुणे वापस जाते."

"तीस वर्षं टर्बाइनजवळ काढली," उराडे म्हणाले, जणू घंटी ऐकू न येणं ही बढती होती.

मी कप खाली ठेवला आणि त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "उराडे साहेब, तुमच्याकडे संध्याकाळी रातकिडे असतात का हो?"

"आता कुठी राह्यले भाऊ रातकिडे? तुमीच तं पेपरात लिहिलं होतं."

म्हणजे मला मिळालेला सर्वांत जाणकार अभिप्राय माझ्याच कानांनी दिला होता. आमचा दोघांचा कडा एकाच ठिकाणी होता.

मग मी मिक्स इंटरनेटवर अशा संगीतप्रेमींच्या एका जागी ठेवला. तिथे अभिप्राय देणारे लोक खऱ्या नावाने लिहीत नाहीत. आठवडाभराने एकाने लिहिलं. तो कुठल्या देशातला ते कळलं नाही, पण त्याचं टोपणनाव उकडलेला बटाटा अशा अर्थाचं होतं. इंग्रजी मी शब्दकोश घेऊन वाचलं. निवड चांगली, सांधे स्वच्छ, चढण उत्तम, पण वरचा आवाज जागोजागी दातांच्या डॉक्टरची आठवण करून देतो, असं त्याचं म्हणणं. जागोजागी म्हणजे कुठे, हे मी विचारलं. त्याने उत्तर दिलं नाही. बटाट्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवता येते. तरी मी त्याचा आभारी होतो. टोचतंय हे आता नक्की झालं. कुठे, ते राहिलं.

जुलैच्या शेवटी ताराबाईंचा फोन आला. ताराबाई चामोर्शीपलीकडच्या जंगलकाठच्या एका गावातल्या, धानाची रोवणी करणाऱ्या बायांच्या टोळीच्या प्रमुख. मी सुपाऱ्या बंद करायच्या आधी त्यांच्या मुलाच्या लग्नात साउंड माझा होता, आणि लग्नातली गाणी मी त्यांना या उन्हाळ्यात मेमरी कार्डात भरून दिली होती. फोन कशासाठी, तर कार्ड खराब झालं होतं.

"त्याच्यात थे एक लांब गाणं होतं ना भाऊ, सवा तासाचं, थे पुन्हा भरून द्या."

चुकून माझा मिक्स त्या कार्डात गेला होता. मी विचारलं, ते तुम्ही ऐकता?

"रोज. बांधीत."

बांधी म्हणजे धानाचं बांध घातलेलं वावर. बाया चिखलात वाकून रोवणी करतात आणि छोटा स्पीकर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवलेला असतो. "हात चिखलात राह्यते," ताराबाई म्हणाल्या. "दुसरी गाणी पाच मिनिटात सरते. बदलाले कोण भायेर निघन? हे लावून दिलं का एक बांधी होते. पाठ दुखत नाई. म्हणजे दुखते, पण ठेक्यात दुखते."

मी लगेच विचारलं, "टोचतं का कुठे?"

"मधात मधात टोचते ना. कानात सुई घातल्यावाणी."

"कुठे?"

"आता फोनवर कसं सांगू? बांधीत या, दाखवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवं कार्ड, घड्याळ आणि कागद घेऊन धुऱ्यावर जाऊन बसलो. बांधीत दहा बाया होत्या. माझं काम त्यांना दोन वाक्यांत सांगितलं: माझे कान गेलेत, तुमचे पाहिजेत. कोणालाही त्यात नवल वाटलं नाही. चष्मा मागावा तसं त्यांनी ते घेतलं.

"सुई टोचली का मी हात वर करते," असं ताराबाईंनी ठरवून टाकलं. बाकीच्यांना ताकीद दिली, "तुमी कोणी मधात बोलू नोका व."

मीरा नावाची एक तरुण बाई रोपांची पेंडी सोडत म्हणाली, "भाऊ, याच्यात बाई कवा गाते?"

"नाही गात."

"आन् वरात कवा येते? लग्नाच्या कार्डात होतं म्हणून आमी रोज वाट पाहून राह्यलो."

"वरात नाही यात."

"मंग एवढी तयारी कायची चालली हाय?" ती म्हणाली. सगळ्या हसल्या. मी मनातल्या मनात नसीमला मीराच्या शेजारी बसवलं.

स्पीकर सुरू केला. त्या शहात्तर मिनिटांत मी आयुष्यात पहिल्यांदा माझं काम बघितलं. ठोक्यावर दहा हात खाली जात होते. वेग वाढला तसा कोणाच्या नकळत हातांचा वेग वाढला आणि उतरला तसा उतरला. आठव्या मिनिटाला ताराबाईंचा हात पेंडीसकट वर गेला. मला तिथे काहीही ऐकू आलं नाही. मी वेळ लिहिली. चौदाव्याला पुन्हा. मान वर न करता, रोवणी न थांबवता त्या फक्त डावा हात उचलायच्या, चिखलाचं पाणी कोपरापर्यंत ओघळायचं. काही ठिकाणी हात लगेच खाली यायचा, काही ठिकाणी बराच वेळ वर राहायचा, आणि मी सेकंदही लिहून घेत होतो. बटाट्याने जे एका ओळीत उडवून लावलं होतं, ते ही बाई कंबरेत वाकून मला जागेसह दाखवत होती. अकरा वेळा हात वर झाला. शेवटच्या ठोक्याला बांधीचा कोपरा उरला होता, तो त्यांनी आवाजाशिवाय पुरा केला.

"लिहिलं?" ताराबाईंनी विचारलं.

"लिहिलं."

"मंग आता जमवा. आमची आणखी पंधरा दिवसं रोवणी हाय."

मी पंधरा दिवस लागू दिले नाहीत. अकरा जागा, प्रत्येक जागी वरचा थर उतरवायचा. किती उतरवायचा ते हात किती वेळ वर होता त्यावरून ठरवलं. स्वतः काही ऐकू येत नसताना, कागदावरच्या आकड्यांवर भरवसा ठेवून बटण फिरवणं मला फार अवघड गेलं. बोट जुन्या सवयीने परत वर जायला बघायचं. तेव्हा मी हेडफोन काढून ठेवायचो आणि कागदाप्रमाणे करायचो. सहाव्या दिवशी नवं कार्ड एसटीने पाठवलं आणि नवी आवृत्ती इंटरनेटवर ठेवली.

ताराबाईंचा निरोप आला की आता सुई टोचत नाही, बांधी तेवढ्याच वेळात होते. बटाट्यानेही पुन्हा लिहिलं, याचं मला आश्चर्य वाटलं. वरचा आवाज आता बरोबर बसला आहे, कान कोणाचे वापरले, असं त्याने विचारलं होतं. मी खरं उत्तर दिलं. त्याला तो विनोद वाटला. पुढे त्याने लिहिलं होतं की एकच गोष्ट कळत नाही, एकोणपन्नासाव्या मिनिटाला अर्धं मिनिट सगळा आवाज गोधडीखाली गेल्यासारखा होतो, हे मुद्दाम केलं असेल तर त्यामागचा विचार सांगावा.

मी कागद काढला. त्या जागी हात सर्वांत जास्त वेळ वर होता, म्हणून मी आवाजही सर्वांत जास्त उतरवला होता. ताराबाईंना फोन लावला. एकोणपन्नासावं मिनिट म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मिनिट मले समजत नाई, जागा सांगा.

"तुम्ही धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाजवळ पोचल्या होत्या. हात लय वेळ वर होता. तिथे फार टोचत होतं का?"

पलीकडे त्या इतर बायांना काहीतरी म्हणाल्या आणि तिकडे बराच वेळ हसणं चाललं.

"थे गाण्यासाठी नोहोतं भाऊ," त्या परत फोनवर येऊन म्हणाल्या. "पिंढरीले जळू लागली होती. मीराच्या बटव्यात चुना राह्यते, थो मांगून राह्यली होती मी. चुना लावला का जळू सुटते."

म्हणजे अकरापैकी दहा जागा बरोबर निघाल्या. माझे कान शाबूत होते तेव्हाही माझं प्रमाण याहून फार चांगलं नव्हतं. पेट्या विकल्या नाहीत. दुसऱ्या मिक्सच्या चार रचना निवडून झाल्या आहेत, आणि पुढच्या रोवणीला धुऱ्यावर यायचं मी ताराबाईंना सांगून ठेवलं आहे.

बटाट्याला अजून उत्तर लिहायचं आहे. कागदावर त्या जागेसमोर बत्तीस सेकंद लिहिलेले आहेत. तेवढ्या वेळात चुना आला होता.